कळमन्याची पट्टी : व्हीएमची डिस्क वेगवान करण्याच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल

अकराच्या सुमारास नागपूरच्या कळमन्याहून पुन्हा फोन. धान्य बाजारातल्या एका अडत दुकानाची बिलिंगची व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक) आपल्याकडे चालते. तिथल्या ताई तीन आठवडे एकच तक्रार सांगतायत आणि आपण तीन आठवडे एकच उत्तर देतोय : सीपीयू वीस टक्क्यांच्या वर जात नाही, रॅम मोकळी आहे, नेटवर्क ठीक आहे. आज उत्तर दिलं नाही. गाडी काढली आणि परसोडीहून थेट दुकानात जाऊन बसलो.

चण्याची आवक जोरात आहे. काट्यावर मापारी कट्ट्याकट्ट्याचं वजन पुकारतो, ताई आकडे टाकत जातात, शेवटी हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी तयार होते. ती सेव्ह करायला बटन दाबलं की स्क्रीनवरचं चक्र फिरायला लागतं. मोबाइलवर वेळ लावली. सहा सेकंद. पुढची सात. त्यापुढची साडेपाच. काउंटरपुढे उमरेडकडचे एक काका उभे होते, बाहेर त्यांच्या भाड्याच्या गाडीवाल्याचा हॉर्न चालू.

"बाई, पट्टी निघून राहिली का नाही?"

"थांबा जी काका, हे नुसतं गोल गोल फिरून राहिलं."

ताईंनी पुन्हा एंटर मारला आणि एकाच मालाच्या दोन पट्ट्या निघाल्या. एक रद्द करायला आणखी दोन मिनिटं गेली. तोवर रांगेत चार माणसं वाढली. बाहेर बेचाळीस अंश, आत एक कूलर, तोही काउंटरच्या मागच्या बाजूला.

परत येताना ठरवलं की सीपीयूचा आलेख आता कुणाला दाखवायचा नाही. डिस्कच्या मागे लागायचं.

९ एप्रिल

आपली मांडणी लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या नोंदी वाचणाऱ्याला संदर्भ राहील. तीन नोड, म्हणजे सर्व्हर; तिघांचा मिळून क्लस्टर. व्हीएम चालवायला प्रॉक्समॉक्स, आणि सगळ्या डिस्क जोडून एकच साठा करायला सेफ. प्रत्येक नोडमध्ये ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क, ७२०० आरपीएमच्या. दर डिस्कमागे एक ओएसडी (ती डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्राम), म्हणजे एकूण बारा ओएसडी. प्रत्येक माहितीच्या तीन प्रती, दर नोडवर एक. किमान दोन असतील तरच लेखन चालू. नोडांमध्ये दहा गिगाबिटचं नेटवर्क. व्हीएमच्या डिस्क आरबीडी इमेज (सेफमध्ये ठेवलेल्या आभासी डिस्क) म्हणून, कॅशे (मधला तात्पुरता साठा) मोड 'नो कॅशे'.

व्हीएमच्या आतून फिओ, म्हणजे डिस्कचा वेग मोजायचं साधन, चालवलं. आधी मोठ्या तुकड्यांचं सलग लेखन : सेकंदाला २८० एमबी. कुणालाही वाटेल की सगळं उत्तम आहे, आणि आपल्यालाही तेच वाटत होतं. मग ४ केबीचे विखुरलेले तुकडे, एका वेळी एकच, आणि प्रत्येकानंतर एफसिंक, म्हणजे लेखन डिस्कवर पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. सेकंदाला २३. एक लेखन पक्कं व्हायला ४३ मिलिसेकंद.

ज्युनिअर म्हणाला, "दादा, बारा डिस्का आहेत आपल्या, तेवीस कसे?" त्याचा प्रश्न बरोबर आहे आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. बारा डिस्क बारा हमालांसारख्या आहेत. बारा जणांना एकाच वेळी बारा कट्टे दिले तर ट्रक झटपट रिकामा होतो. पण पहिला कट्टा थप्पीला लागल्याशिवाय दुसरा द्यायचाच नाही असं ठरलं, तर अकरा जण बसून राहतात. डेटाबेसचा कमिट, म्हणजे नोंद कायमची पक्की करणं, असाच असतो. तो एकेक जातो, आणि मागचा पक्का झाल्याशिवाय पुढचा निघत नाही.

आता त्या ४३ मिलिसेकंदांचा हिशोब. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्याआधी हेड सरकायला आणखी तेवढाच किंवा जास्त वेळ. आपल्या ओएसडीवर ब्लूस्टोअर आहे, डिस्कवर माल मांडणारा सेफचा भाग. हार्ड डिस्कवर लहान लेखन आलं की तो ते आधी रॉक्सडीबीच्या (त्याच्या आतल्या छोट्या डेटाबेसच्या) लॉगमध्ये टिपतो आणि मूळ जागी नंतर सावकाश नेतो. पण तो लॉगही त्याच डिस्कवर, त्यामुळे हेडची सारखी ये-जा. त्यात व्हीएममधल्या एका एफसिंकमागे डेटा आणि फाइल सिस्टीमचं जर्नल अशी एकाहून जास्त लेखनं निघतात. आणि प्रत्येक लेखनाची पोच तिन्ही नोडांवर ते पक्कं झाल्यावरच मिळते, म्हणजे तिघांत जो सर्वांत मंद त्याच्या वेगाने.

दुसरं मोजमाप पोस्टग्रेसच्या, म्हणजे बिलिंगच्या डेटाबेसच्या, बाजूने. एक पट्टी सेव्ह करण्याआधी आणि नंतर डेटाबेसचा कमिटचा आकडा पाहिला. फरक ४३. सॉफ्टवेअर प्रत्येक कट्ट्याची ओळ वेगळ्या कमिटने लिहितं. ४३ कमिट गुणिले ४३ मिलिसेकंद म्हणजे पावणेदोन सेकंदांच्या थोडं वर, तेही रात्री, क्लस्टर निवांत असताना. सकाळच्या गर्दीत एक एफसिंक १४० पर्यंत जातो. तिथे सहा सेकंद झाले. ताईंच्या स्क्रीनवरचं चक्र सापडलं.

सॉफ्टवेअरवाल्यांना ईमेल टाकला की पूर्ण पट्टी एकाच व्यवहारात लिहा. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या बाजूचं काम आपल्याला करायचंच आहे, कारण याच स्टोरेजवर आणखी तीस व्हीएम आहेत.

११ एप्रिल

पहिला प्रयोग सगळ्यांत स्वस्त. चाचणीच्या व्हीएमचा कॅशे मोड 'नो कॅशे'वरून 'राइट बॅक' केला, म्हणजे लेखन कॅशेत आलं की पोच आधी, डिस्कवर नंतर. आरबीडीच्या बाबतीत यजमान नोडची पेज कॅशे वापरात येतच नाही. लिबआरबीडी (आरबीडी इमेज वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी) क्यूईएमयूच्या (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रोसेसमध्येच स्वतःची कॅशे ठेवते. मुळात ती ३२ एमबीची, त्यात न लिहिलेला माल जास्तीत जास्त २४ एमबी, आणि तो साधारण एक सेकंदाहून जास्त साचू न देण्याचं धोरण. सेफच्या ऑक्टोपस आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, मूळ धोरण 'राइट अराउंड' आहे. त्यात लेखनाची पोच लगेच मिळते, पण वाचनासाठी काही साठवून ठेवलं जात नाही.

एफसिंकशिवायचं फिओ एकदम काही हजारांवर गेलं. ज्युनिअरने स्क्रीनशॉट काढला. मग एफसिंकसह चालवलं : २४. तेवीसचे चोवीस झाले, बाकी काही नाही.

हे असंच व्हायला हवं, आणि असं होतंय हीच समाधानाची गोष्ट आहे. एफसिंक आला की कॅशेने सगळं खाली पोचवून मगच हो म्हणायचं असतं. फाइल सर्व्हरच्या व्हीएमना राइट बॅकचा खरा फायदा आहे. तिथे लहान लेखनं एकत्र होऊन जातात आणि दर लेखनाला एफसिंक नसतो. त्या पाच व्हीएमना आजच लावून टाकला. डेटाबेसला याने काही मिळत नाही.

१२ एप्रिल

मोड्सच्या यादीत आणखी एक आहे : 'राइट बॅक, अनसेफ'. यात पाहुण्या व्हीएमने फ्लश (साचलेलं सगळं डिस्कवर उतरवणं) मागितला तरी क्यूईएमयू तो पुढे पाठवतच नाही. ज्युनिअरने चाचणीच्या व्हीएमवर लावून पाहिला. पोस्टग्रेसची एफसिंक चाचणी २४ वरून हजारोंत गेली. तो म्हणाला, "दादा, यूपीएस आहे, जनरेटर आहे, तीन प्रती आहेत. लावून टाकू ना कळमन्याला." मी त्याला रागावलो नाही. हा विचार मलाही एकदा मोहात पाडून गेलेला आहे. बसून चाचणी लिहिली.

साधी चाचणी. व्हीएममधली स्क्रिप्ट पोस्टग्रेसमध्ये १, २, ३ असे आकडे एकेक कमिटने टाकते आणि कमिटची पोच आली की तोच आकडा माझ्या लॅपटॉपला पाठवते. लॅपटॉपवर दिसलेला शेवटचा आकडा म्हणजे दुकानात छापून हातात दिलेली शेवटची पट्टी. स्क्रिप्ट चालू असताना त्या नोडच्या दोन्ही पॉवर केबल हाताने ओढल्या. मग व्हीएम दुसऱ्या नोडवर उभी केली.

राइट बॅक : लॅपटॉपवर शेवटचा १,८१२, डेटाबेसमध्ये १,८१२. पुन्हा केलं, पुन्हा जुळलं.

अनसेफ : लॅपटॉपवर ९६,४०७, डेटाबेसमध्ये ९५,२२३. मधले ११८४ आकडे नाहीत.

वाईट भाग पुढचा. पोस्टग्रेस विनातक्रार सुरू झाला. लॉगमध्ये नेहमीची रिकव्हरी, कुठेही लाल अक्षर नाही. तो आपल्या लॉगच्या शेवटच्या धड नोंदीपर्यंत आला आणि तिथे थांबला. पुढे काही होतं हे त्याला कळायला मार्गच नव्हता. दुकानात हे घडलं असतं तर शेतकऱ्याच्या हातात शिक्क्याची पट्टी आणि आपल्या वहीत त्याचा मालच नाही. पैसे मागायला आठ दिवसांनी तो आला असता तेव्हा ताईंनी कुठे पाहायचं?

ज्युनिअरने ते दोन आकडे पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवले. पुसू नकोस म्हटलं.

१५ एप्रिल

वाचनाची बाजू, थोडक्यात. व्हीएमची रॅम ४ वरून १२ जीबी केली, पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) मूळच्या १२८ एमबीवर होते ते ३ जीबी. दुकानाचा पूर्ण हंगामाचा डेटा आता रॅममध्ये मावतो, डिस्कवरून वाचन जवळजवळ थांबलं. ओएसडींची मेमरी मर्यादा मूळची ४ जीबी, ती ६ केली. नोडमध्ये जागा आहे.

इमेजनिहाय आयओ (वाचन-लेखन) पाहताना आणखी एक सापडलं. दुसऱ्या एका ग्राहकाच्या व्हीएमचा बॅकअप सकाळी साडेदहाला लागलेला होता, ऐन लिलावाच्या वेळी. रात्री दोनवर नेला. हे आधी पाहायला हवं होतं.

सेफच्या कॅशे टिअरिंगबद्दल (मंद डिस्कांपुढे वेगवान डिस्कांचा थर) वरिष्ठांनी विचारलं. रीफ आवृत्तीत, २०२३ मध्ये, ते कालबाह्य म्हणून जाहीर झालेलं आहे. नवीन काही त्यावर उभं करायचं नाही.

२१ एप्रिल

आज पूर्ण दिवस लिबआरबीडीच्या पर्सिस्टंट राइट लॉगवर. पॅसिफिक आवृत्तीपासून, २०२१ पासून आहे. कल्पना चांगली आहे : ज्या नोडवर व्हीएम चालते त्याच नोडच्या एसएसडीवर लेखनाचा लॉग ठेवायचा. एफसिंक आला की तो एसएसडीवर पक्का करून पोच द्यायची आणि खालच्या क्लस्टरला सावकाश पाठवायचं. इमेजवर एक्सक्लुझिव्ह लॉक (एका वेळी एकालाच लिहू देणारं कुलूप) हवं, ते आपल्याकडे आहेच. नोडमधल्या साध्या एनव्हीएमई एसएसडीवर १ जीबीचा लॉग दिला.

एफसिंक चाचणी २४ वरून २६० वर. ज्युनिअर माझ्याकडे पाहायला लागला. केबल ओढायची चाचणी त्याने न सांगता लावली.

निकाल जसा असायला हवा तसाच आला, आणि म्हणूनच नीट लिहून ठेवतो. नोड बंद पडल्यावर व्हीएम दुसऱ्या नोडवर उभी करायची तर शेवटचा माल अडकलेला, पडलेल्या नोडच्या एसएसडीत. क्लस्टरमधली इमेज मोडलेली नसते, लॉग क्रमानेच खाली जातो, पण ती जुनी असते. तो नोड परत येईपर्यंत थांबा, नाहीतर लॉग रद्द करून जुन्या इमेजवर सुरू करा. तिसरा रस्ता नाही. रद्द केला तर पट्ट्या गेल्या. थांबलो तर तीन नोड कशासाठी घेतले?

ज्या कामात शेवटची काही सेकंदं पुन्हा करता येतात तिथे हे साधन मी बिनदिक्कत वापरेन. बिल्ड सर्व्हर, चाचणीच्या व्हीएम, विद्यार्थ्यांच्या लॅब. पट्टी पुन्हा करता येत नाही. माल तोवर गोदामात मिसळलेला असतो.

२४ एप्रिल

संध्याकाळी दोघं तर्री पोहे खायला गेलो आणि तिथल्या कागदी प्लेटच्या मागे चित्र काढता काढता गोष्ट नीट उलगडली. वर व्हीएम, मध्ये एक आडवी रेघ, खाली तीन नोड. ती रेघ म्हणजे तीन प्रती होण्याची जागा. आपण आतापर्यंत तपासलेली प्रत्येक कॅशे रेघेच्या वर होती. तिथे साचलेला माल एकाच ठिकाणी असतो, एकच प्रत. ती कॅशे रेघेच्या खाली नेली, प्रत्येक ओएसडीजवळ एकेक, तर कॅशेच्याही आपोआप तीन प्रती होतात. एक नोड जळाला तरी बाकी दोन ठिकाणी तेच लेखन पक्कं आहे. मग लवकर हो म्हणायला हरकत नाही.

रेघेखाली दोन रस्ते. एक, हार्ड डिस्कपुढे बीकॅशे किंवा डीएम-कॅशे लावायची. दोन्ही २०१३ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहेत, मुरलेल्या आहेत. दुसरा, ब्लूस्टोअरचा रॉक्सडीबी आणि त्याचा लॉग तेवढा एसएसडीवर न्यायचा. लहान लेखनं ब्लूस्टोअर आधी लॉगमध्येच टाकतो, म्हणजे आपल्याला नेमकी जिथे मार बसतेय तीच जागा वेगवान होते. मधे आणखी एक थर येत नाही. रात्री दोनला बिघाड झाला तर शोधायला एक ठिकाण कमी. दुसरा रस्ता पक्का.

खरं तर हे नवीन नाही. ब्लूस्टोअरच्या आधीच्या फाइलस्टोअरच्या काळात जर्नल एसएसडीवर ठेवायची पद्धत होती. २०१७ साली सेफच्या ल्युमिनस आवृत्तीत ब्लूस्टोअर मूळ पर्याय झाला, सगळंच दोनदा लिहिण्याचा फाइलस्टोअरचा प्रकार गेला, आणि आमचा समज झाला की आता एसएसडी लागत नाही. मोठ्या लेखनासाठी तो समज ठीक होता. क्लस्टर उभारताना हा निर्णय मीच घेतला होता.

मागणी : दर नोडला ९६० जीबीची एक एनव्हीएमई, वीज गेल्यावर आतला माल वाचवणारे कपॅसिटर असलेली. चार ओएसडींना दोनशे-दोनशे जीबी, उरलेली जागा रिकामी. एसएसडी गेली तर त्या नोडचे चारही ओएसडी जातील हे मागणीपत्रात स्पष्ट लिहिलं. तीन प्रतींमुळे चालतं, पण बदली एसएसडी कपाटात हवी. तीन नाही, चार मागवल्या.

३ मे

पार्सल आलं. खोकं उघडताच शंका आली. एसएसडी आखूड, ८० मिलिमीटरच्या. आपण मागवलेल्या ११० मिलिमीटरच्या होत्या. ती जास्तीची लांबी बहुतेक कपॅसिटरसाठीच जाते. भिंग लावून पाहिलं, चौकोनी कपॅसिटरची रांग कुठेच नाही. क्षमता तीच, लेबलवर वेगाचे आकडे तर आणखी मोठे.

पुरवठादार फोनवर म्हणाले, "सर, उलट फास्ट मॉडेल दिलं तुम्हाला, त्याच रेटमध्ये." म्हणून एक लावून मोजली. एका वेळी एक, ४ केबी, दर लेखन पक्कं करून : सेकंदाला ६१०. कपॅसिटर नसलेल्या एसएसडीला फ्लश आला की स्वतःची रॅम रिकामी करून खरोखर फ्लॅशवर लिहावं लागतं. कपॅसिटर असला तर रॅममध्ये आलं की पक्कंच, कारण वीज गेली तरी तेवढं लिहून काढण्यापुरती ताकद आत साठवलेली असते. चार ओएसडींचा लॉग ६१० मध्ये चालवायचा म्हणजे हंगामात पुन्हा रांग. चारही परत पाठवल्या.

९ मे

बरोबर माल परवा आला. मोजला : सेकंदाला एकतीस हजारांच्या आसपास. आज रात्री पहिला नोड.

अकराला सुरुवात. क्लस्टरला नोआउट, म्हणजे ओएसडी दिसले नाहीत म्हणून तो माल हलवायला लागणार नाही. पहिल्या नोडचे चारही ओएसडी थांबवले. यावेळी दोनच प्रती चालू, आणि किमान दोन लागतात; या तासाभरात दुसऱ्या कुठल्या नोडला काही झालं तर लेखन थांबेल. म्हणून एका रात्री एकच नोड, आणि सगळे पीजी (सेफ माल ज्या गटांत वाटून ठेवतो ते) पुन्हा स्वच्छ झाल्याशिवाय घरी जायचं नाही.

एसएसडीवर चार व्हॉल्यूम केले, प्रत्येक ओएसडीला नवी डीबी जोडली, सुरू केले. लगेच इशारा आला : ब्लूएफएसचा (रॉक्सडीबीच्या फाइली ठेवणाऱ्या थराचा) माल मंद डिस्कवर सांडलेला आहे. नवी डीबी जोडली म्हणजे जुना रॉक्सडीबी आपोआप उठून तिकडे जात नाही. तो वेगळ्या आदेशाने हलवावा लागतो. ती पायरी माझ्या यादीत सुटली होती. ओएसडी पुन्हा थांबवून एकेक हलवला. पावणेदोनला इशारा गेला. यादीत पायरी घातली.

मग उत्साहाने व्हीएममधून चाचणी. २४.

ज्युनिअरचा चेहरा उतरला. मीही दोन मिनिटं गप्प होतो. मग ओएसडींची कमिटची वेळ पाहिली : पहिल्या नोडचे चारही शून्य-एक मिलिसेकंदावर, बाकी आठ पूर्वीसारखेच पंधरा-वीसवर. प्रत्येक लेखनाची एक प्रत दर नोडवर जाते आणि पोच शेवटच्या प्रतीनंतर मिळते. दोन मंद नोड उरलेत तोवर, एक उरला तरीही, व्हीएमला काहीच कळणार नाही. अर्धं काम करून अर्धा फायदा मोजायला गेलो असतो तर एसएसडीचे पैसे वाया गेले असंच लिहून मोकळे झालो असतो.

१२ मे

काल रात्री दुसरा नोड, चाचणी २५. आज तिसरा.

एक वाजून दहा मिनिटांनी शेवटचा ओएसडी सुरू झाला. पीजी स्वच्छ व्हायची वाट पाहिली. नोआउट काढला. ज्युनिअरला म्हटलं, तू चालव.

३१८.

त्याने पुन्हा चालवली. ३२२. तीन मिलिसेकंदांच्या जरा वर एक एफसिंक. उरलेल्या वेळात आता नेटवर्कच्या फेऱ्या आणि सेफचं स्वतःचं काम आहे, तबकडी नाही. केबल ओढायची चाचणी तीन वेळा केली, तिन्ही वेळा लॅपटॉपचा आकडा आणि डेटाबेसचा आकडा जुळला. घरी जाताना सव्वातीन वाजले होते आणि रस्त्यावरचा डांबराचा वास अजून गरम होता.

१४ मे

सीपीयूचा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर, खोल झोपेच्या अवस्था बंद. ३२२ चे ३८५. फुकटचा फायदा, पण सर्व्हर रूमचं तापमान दीड अंशाने वाढलं. या महिन्यात एसी आधीच हाफतोय. दुपारी बारा ते पाच लक्ष ठेवायचं.

१९ मे

कळमन्यात जाऊन आलो, ऐन गर्दीत, सव्वाअकराला. मोबाइलवर वेळ लावायला गेलो पण बोट दाबेपर्यंत प्रिंटर सुरू झालेला. डेटाबेसच्या लॉगवरून काढलं : पट्टीला ०.३ सेकंद, गर्दीत एका कमिटला सातेक मिलिसेकंद.

ताईंना अजून सवयीने बटन दाबल्यावर हात मागे घेऊन थांबायची खोड आहे. कागद बाहेर आला की दचकून पुढे घेतात. हमालांपैकी एकाने विचारलं, "नवीन कम्प्युटर आणला का जी?" ताई म्हणाल्या, "नाही, तोच आहे. भाऊंनी आतलं काहीतरी बदललं." रांगेत दोनच जण होते. मी थोडा वेळ उगाच तिथे बसून राहिलो.

२७ मे

नवतपा. दुपारी तीन चाळीसला वीज गेली. जनरेटरने दोनदा घरघर केली आणि बंद, बॅटरी उतरलेली. यूपीएस ३५ टक्के दाखवत होता. त्याने बॅटरी कमी झाल्याचा इशारा दिला असता तर नोड शिस्तीत बंद झाले असते. इशारा आलाच नाही. उष्णतेने बॅटऱ्या पोकळ झाल्या असाव्यात. ३५ वरून थेट शून्य. तिन्ही नोड एका क्षणी गेले.

बारा एप्रिलपासून आपण एकेका नोडची केबल ओढत होतो. तिन्ही एकदम कधी ओढल्या नव्हत्या. तीन प्रतींचा आधार इथे संपतो. आता सगळं त्या कपॅसिटरांवर, आणि लॉग खरोखर पक्का होत होता की नाही यावर.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी वीज आली. मॉनिटर (क्लस्टरची स्थिती ठरवणारे सेफचे प्रोग्राम) कोरममध्ये आले, म्हणजे त्यांचं बहुमत जमलं. बारापैकी अकरा ओएसडी लगेच, बारावा दोन मिनिटांनी. पीजी एकमेकांशी बोलून स्वच्छ झाले. तिन्ही एसएसडींच्या स्मार्ट नोंदीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) असुरक्षित शटडाउनचा आकडा वाढलेला, म्हणजे त्यांना खरंच झटका बसला होता. व्हीएम उठली. पोस्टग्रेसने नीट बंद न झाल्याचं लिहिलं आणि दोन सेकंदांत रिकव्हरी संपवली. लॉगमध्ये कुठेही लाल अक्षर नाही. अनसेफच्या वेळीही नव्हतं.

ताईंना फोन लावला. दुकानात त्यांचा इन्व्हर्टर होता, प्रिंटर चालू होता.

"ताई, वीज जायच्या आधी छापलेली शेवटची पट्टी जवळ आहे का? नंबर सांगा."

कागद चाळल्याचा आवाज. "शेवटची ना... दोन हजार एकशे सत्तेचाळीस. काटोलवाल्यांची. अठ्ठावीस कट्टे."

ज्युनिअरने क्वेरी टाकून ठेवली होती, एंटर मारला. २१४७. अठ्ठावीस ओळी. एकूण वजन ताईंनी कागदावरून वाचलं, मी स्क्रीनवरून वाचलं, ग्रॅमपर्यंत तेच.

"काही गेलं का भाऊ?"

"काही नाही गेलं ताई. पुढची घ्या."

१० जून

सॉफ्टवेअरवाल्यांची नवी आवृत्ती आली. पूर्ण पट्टी आता एका व्यवहारात जाते. कमिटचा फरक ४३ वरून २. दुसरा कमिट साठा नोंदीचा आहे, तो तसाच राहू द्या म्हटलं. निवांत वेळी पट्टी डोळ्याला दिसत नाही इतकी लवकर सेव्ह होते.

बाकी व्हीएमचे आकडेही पाहिले. डेटाबेसवाल्या सगळ्या 'नो कॅशे'वर ठेवल्यात, फाइल सर्व्हर 'राइट बॅक'वर, चाचणीच्या दोन व्हीएम पर्सिस्टंट राइट लॉगवर. अनसेफ कुठेच नाही, तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये तो शब्द दिसला की मला मेसेज येतो.

एसएसडींची झीज अजून एक टक्काही नाही. चौथी कपाटात, सील न फोडलेली. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून झाल्या. जनरेटरची नवी बॅटरी उद्या येतेय, ती बसवून भर दुपारी मेन स्विच पाडून पाहायचा आहे. ज्युनिअरने तारीख मागितली. गुरुवार, तीन वाजता.